पाच भागिले सतरा

तलासरीत माझं औषधाचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. २०१६ साल असावं. कॉलेजात शिकलेलं एक सूत्र मला तोंडपाठ होतं: मुलाचं वय भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्या माणसाचा डोस. गिऱ्हाईकाचं बोलणं संपायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि त्याचा मला तोरा होता. डॉक्टरची चिठ्ठी हवी, हे ठाऊक होतं. पण सरकारी दवाखान्यात डॉक्टर कधी असत, कधी नसत, दुकान मात्र उघडं असे.

एका पाड्यावरची बाई लेकीला कडेवर घेऊन आली. मुलीला सकाळपासून उलट्या होत होत्या. मी वय विचारलं.

"पाच पुरी झाली," आई म्हणाली.

डहाणूला माझ्या घरीही पाच वर्षांची मुलगी होती, वाडीतले चिकू खाऊन गुटगुटीत झालेली. मी पाच भागिले सतरा केलं आणि किती पाजायचं त्याची खूण करून उलटी थांबवायच्या औषधाची बाटली दिली. मुलीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

आठवड्याने ती लेकीला घेऊन पुन्हा आली, हसत.

"बाय, तुजा औषध लय भारी. पोरीची मान वळली, डोळं वर गेलं. भगत बोलला, आतलं होतं ते औषधानं भायेर काढलं. दुसरे दिशी पोर बरी. आता धाकट्याला उलट्या लागल्यात, तीच बाटली दे."

ते औषध जास्त झालं की मुलांची मान अशीच अडकते, हेही मी त्याच कॉलेजात शिकले होते. ग्लुकोजच्या खोक्यांमागचा वजनकाटा ओढून काढला, मुलीला त्यावर उभं केलं. नऊ किलो. माझी लेक एवढ्या वजनाची होती तेव्हा भिंत धरून चालायला शिकत होती. वजनाने मोजलं तर मी जवळजवळ तिप्पट दिलं होतं. सूत्राला काय बोलणार? ते पोटभर जेवणाऱ्या मुलांवर बेतलेलं. डोळे मला होते.

गप्प बसले असते तर पाड्यावर माझं नाव झालं असतं. मोह झाला, कबूल करते. मग म्हटलं, "भगताचं खरं नाही. औषध मीच जास्त दिलं. पोरीच्या जिवावर बेतलं असतं."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"मंग आता धाकट्याला कोणाकडं नेऊ?"

डॉक्टर त्या दिवशीही आले नव्हते.