हळदीच्या तिथीला जॅझ

आमचा लग्नाचा बँड होता. पनवेलात हळद म्हटली की अण्णांची, म्हणजे वडिलांची, क्लॅरिनेट ठरलेली. माझ्या हाती सॅक्सोफोन देताना त्यांनी एकच बजावलं होतं, "काही झालं तरी थांबायचं नाही. बाजा थांबला की नाचणारे अंगावर येतात."

पुढे शेजारच्या चाचांनी कुवेतहून आणलेल्या कॅसेटवर मी जॅझ ऐकलं आणि कामातून गेलो. ती माणसं चक्क थांबत होती! एक जण वाजवतोय, बाकीचे नुसते ऐकतायत. झालं, डोक्यात खूळ शिरलं. अण्णा गेल्यावर बँडातलेच चौघे घेऊन मी माझ्या चाली बसवू लागलो. बेंजो, ट्रम्पेट, कीबोर्ड आणि ढोलकी.

एका चालीत सगळ्यांनी चार मात्रा गप्प राहायचं आणि मग माझा सॅक्सोफोन एकटा उठणार, असं होतं. सगळा जीव त्या जागेत होता. पण ढोलकीवाल्याचे हात शिवशिवायचे. "दादा, लोका बोलतील, बाजा बंद परला!" मी चिडायचो, तो हसायचा, आणि थाप पडायचीच. पाचांनी मिळून ती जागा एकदा तरी लोकांसमोर वाजवावी, एवढंच मला हवं होतं.

वाचनालयाचा हॉल एका रविवारी मिळाला. मी लगेच हो म्हणालो. बँडवाल्याचा पोरगा, आणि कॅलेंडर बघितलं नाही! सोमवारी लग्नाची मोठी तिथी, म्हणजे रविवारी गावोगाव हळदी. चौघांनी शेजारच्या कोन गावातल्या हळदीची सुपारी कधीच घेतली होती. मला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. रविवारी दुपारी ट्रम्पेटवाल्याचा फोन आला, "दादा, भावकीतली हळद हाय. नाय बोलता येत नाय." रागवायचं तरी कुणावर?

हॉलमध्ये पहिल्या रांगेत चाचा, मागे पेपर वाचायला आलेले काही जण. मी एकटाच वाजवलं. चौघांच्या जागा आल्या की थांबायचो, मनातल्या मनात त्यांचं ऐकायचो. लोकांना वाटायचं, संपलं. एकेक करून उठून गेले. "बेटा, बाकीची मंडळी कुठंय?" चाचांनी विचारलं आणि मी सॅक्सोफोन पेटीत ठेवला.

घरी जाववेना. रिक्षा करून कोनला गेलो, मांडवाबाहेर उभा राहिलो. आत माझीच चाल चालू होती, लय दुप्पट, आणि नवरीच्या मावश्या घाम निथळेपर्यंत नाचत होत्या. ती जागा जवळ आली. सवयीने मी दात आवळले.

ढोलकी थांबली. सगळेच थांबले. पूर्ण चार मात्रा! मावश्यांचे हात वरच्या वर राहिले.

सॅक्सोफोनची पेटी माझ्या हातात होती. उघडायला घेतली तेवढ्यात माझी जागा ट्रम्पेटवाल्याने उचलली. बरोबर वाजवली, अगदी मी शिकवली तशी. मांडवात एकच कल्ला उठला. कुणालाच काही कमी वाटलं नाही.