आज कोणाचाच वाढदिवस नाही

भंडाऱ्याच्या कोर्टात रत्नमाला शहारे या वकीलबाईंना सगळे 'मिरची' म्हणतात. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची छाती कोणाची नाही. बाईंना हे ठाऊक आहे आणि त्यांची हरकतही नाही. चिडण्यासारखं एवढं समोर असताना माणसं गोड बोलून दिवस कसे काढतात, याचंच त्यांना नवल वाटतं.

ही मिरची पिकली लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत. बाप परसराम दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी-कापणी करायचा. थोरला भाऊ संघपाल लहानपणीच पोलिओने पायांतून गेलेला. रत्नमाला चौथीत असताना गावात मोठा मांडव पडला आणि संघपालला तीनचाकी सायकल मिळणार असं ठरलं. त्याला उचलून मंचावर सायकलीत बसवलं, गळ्यात हार घातला, पाहुण्यांनी हँडलवर हात ठेवून फोटो काढला. फोटो झाला तसं संघपालला खाली उतरवलं आणि सायकल परत टेम्पोत चढवली. पुढच्या गावी कार्यक्रम होता ना! 'नंतर पाठवून देऊ' म्हणाले. परसराम पोराला पाठीवर घेऊन घरी निघाला, पोराच्या गळ्यात हार तसाच. रत्नमाला मात्र टेम्पोमागे धावत सुटली, "माह्या भावाची सायकल द्या!" सायकल कधीच आली नाही. संघपालचं आता लाखांदूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो ही गोष्ट गिऱ्हाइकांना हसत हसत सांगतो. रत्नमालाबाईंना अजून हसू आलेलं नाही.

त्या वकील झाल्या त्या याच रागावर. मतिमंद, मुके-बहिरे, वेडसर म्हणून ज्यांना चार भिंतींत ठेवून दिलंय, ज्यांचं वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येत नाही, अशांची कामं त्या घेतात. फी विचारली की म्हणतात, "माहा राग हाय ना, तो फुकट हाय."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे चंद्रभागाबाई आली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला आलेली विधवा. धरणाचे मासे घेऊन बाजारोबाजार विकायची. तिचा एकुलता एक मुलगा अंकुश वीस-बावीस वर्षांचा, पण समज चार वर्षांच्या लेकराची. त्याला घरात कोंडून धंद्याला जावं तर तो कवाडावर डोकं आपटून घ्यायचा. म्हणून काळजावर दगड ठेवून तिने त्याला शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत ठेवलं होतं. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. त्या नावात 'करुणा' आहे, एवढं पुरे.

"बाई, पोट्ट्याच्या पायाले वळ हाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "दावनीच्या बैलाले पडते ना, तसा. अन् पोटाशी धरला तं नुसते हाडं लागून राहिले. मी संस्था चालवनाऱ्या घनश्यामभाऊले विचारलं, तं मनते, पटत नसन तं घेऊन जा आपलं पोरगं."

"मंग तक्रार करू."

"माहं नाव नोको टाकू वं, बाई. त्याईनं हाकललं तं मी कोठी ठेवू त्याले? सोबत घेऊन मासोऱ्या विकू का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पोर तिथे ठेवावं तर उपाशी, बांधलेलं; काढावं तर जायला जागा नाही. रत्नमालाबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप कलंडला. चंद्रभागाबाई दचकली. "तुमच्यावर नाई चिडली मी," बाई म्हणाल्या, "अन् अंकुश तिथंच राहीन. राहीन, पन मानसासारखा राहीन."

दिव्यांगांच्या कायद्यात एक चांगली सोय आहे. छळाची खबर कोणीही दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. आईचं नाव लागत नाही. रत्नमालाबाईंनी स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि ही बातमी बाररूममध्ये पोचल्याबरोबर त्यांच्या डोक्यावर टोमण्यांच्या अक्षता पडायला लागल्या. "घनश्यामभाऊंच्या संस्थेवर? अहो, आमच्या नातवाचा बड्डे आम्ही तिथंच केला!" एक ज्येष्ठ वकील म्हणाले. "किती गोड लेकरं! काय टाळ्या वाजवल्या!"

हे मात्र खरं होतं. भंडाऱ्यातल्या बऱ्या घरांमध्ये ही एक रीतच पडली होती. वाढदिवस आला की केक घ्यायचा, केटररला पुरी-भाजी-जिलेबी सांगायची आणि संस्थेत जाऊन कापायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली 'सामाजिक भान जपत'. पुढारी आले, डॉक्टर आले, सराफ आले. त्यांतल्या एकानेही कधी विचारलं नाही, की आम्ही येत नाही त्या दिवशी यांना काय मिळतं? घनश्यामभाऊंचं बरं चाललं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर गळ्यात शाल.

पाहणीचा दिवस अर्थातच आधी कळवला गेला. रत्नमालाबाई त्यावरूनही भांडल्या, पण नियम म्हणजे नियम. पाहणीला दंडाधिकारी स्वतः येणार होत्या; या अधिकारी बाई नव्या होत्या, बाहेरून बदलून आलेल्या. दुपारी त्यांची पांढरी गाडी फाटकातून आत शिरली, तेव्हा रत्नमालाबाई मागच्या सीटवर दात आवळून बसल्या होत्या. अंगण सारवल्यासारखं स्वच्छ. सगळ्यांच्या अंगात नवे कपडे, घड्या न मोडलेले. अंकुशला पायघोळ पॅन्ट घातलेली.

घनश्यामभाऊ हात जोडून म्हणाले, "या मॅडम. सगळे आत्ताच जेवून बसले. वरण, भात, वांग्याची भाजी. आपण थोडं आधी आला असता तर दोन घास आमच्याकडेच घेतले असते."

मागे ड्रायव्हरने गाडीचं दार लावलं मात्र, रांगेत उभे केलेले सगळे टाळ्या वाजवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारी सुंदरबाई, जिला बोलता येत नव्हतं, तीसुद्धा. ज्यांना बोलता येत होतं त्यांनी 'हॅपी बड्डे टू यू' सुरू केलं.

अधिकारी बाई हसल्या. "अरे, माझा वाढदिवस नाहीये आज."

गाणं संपलं. मग सगळेच्या सगळे ओसरीवर गेले, ओळीने मांडी घालून बसले आणि समोरच्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिले.

"हे काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"सवय आहे हो," घनश्यामभाऊ म्हणाले. "त्यांना काय समजतं?"

"कायची सवय?" रत्नमालाबाई पुढे आल्या. "सांगा ना भाऊ, कायची सवय? मोटार आली म्हनजे जेवन आलं, हेच ना? अन् आत्ता जेवले म्हनता, तं वाढा त्याईले. पोट भरलेला मानूस ताट बाजूले सारते. वाढा!"

"आता स्वयंपाकीण घरी गेली."

"मंग मी वाढते. स्वयंपाकखोली कोठी हाय?"

घनश्यामभाऊ मध्ये उभे राहिले. अधिकारी बाईंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि दार उघडायला लावलं. आत शेगडी गार पडली होती. एका पातेल्यात सकाळच्या कण्या, इतक्या पातळ की तळ दिसत होता. वरण नाही, भात नाही, वांग्याचं देठसुद्धा नाही. खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे हे ठाऊक होतं, पण इथे खायचे दात नव्हतेच. अधिकारी बाई बाहेर आल्या आणि ड्रायव्हरला गावातून जेवण आणायला धाडलं.

जेवण आलं. पत्रावळ्या मांडल्या, वाढून झालं. भाताची वाफ निघत होती, आणि एकानेही हात लावला नाही.

"जेवा ना," अधिकारी बाई म्हणाल्या. "हे का जेवत नाहीत?"

अंकुश मांडी घालून बसला होता. त्याने मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि ओठ ताणून हसू आणलं. शेजारच्यानेही आणलं. सुंदरबाईने पदर नीट केला. रत्नमालाबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते सगळे फोटोसाठी थांबले होते. फोटो निघाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे त्यांना मार देऊन शिकवलं होतं.

मांडीमुळे अंकुशची पॅन्ट वर सरकली होती. घोट्यावरचा वळ जुना होता, त्यावर नवा.

"दिसते का मॅडम?" रत्नमालाबाईंचा आवाज फाटला. "त्याले मतिमंद मनतात! अन् साऱ्या भंडाऱ्यानं इथं येऊन फोटो काढले, त्याईच्या नजरेले हा पाय नाई दिसला. कोन मतिमंद हाय इथं, सांगा मले!"

बाईंनी अंकुशचा हात धरून भातात ठेवला.

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. घनश्यामभाऊंवर गुन्हा दाखल झाला, संस्थेवर प्रशासक बसला, मागच्या खोलीतली दोरखंडं जप्त झाली. कोणालाही हाकलायचं नाही, हे वाक्य रत्नमालाबाईंनी भांडून त्यात घालून घेतलं. चंद्रभागाबाईला ते मराठीतून तीनदा वाचून दाखवावं लागलं, तेव्हा कुठे ती रडली.

आणि गाव? गाव बाईंवरच रागावलं. चांगलं चाललेलं दान बंद पाडलं म्हणे. ज्येष्ठ वकिलांनी परवा फोन केला, "धाकट्या नातवाचा बड्डे आहे, आता कुठे करायचा?"

"घरी करा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो फोन आला तेव्हा त्या संस्थेतच होत्या. महिन्यातून दोन-तीनदा न सांगता जातात आणि पंगतीत बसून तिथलंच जेवतात. त्या दिवशी वरण, भात आणि लाखोरीची भाजी होती. शेजारी अंकुश. अंग भरलंय, वळ पुसट झालाय. बाईंना बघून त्याने टाळ्या वाजवल्याच. मग ताटाकडे बघून हसू आणलं आणि थांबला.

"फोटो?" त्याने विचारलं.

"फोटो नाई रे."

"बड्डे?"

"कोनाचाच बड्डे नाई. आज बुधवार हाय. जेव."

अंकुशने फाटकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोणीही येत नव्हतं. मग त्याने भात कालवला आणि पहिला घास घेतला.