शिळ्या पाण्यावरचा भोपळा

सर्वप्रथम हे नोंदवून ठेवतो की आमचा भोपळा मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेला नव्हता. सूनबाईंचे वडील, म्हणजे माझे व्याही, वर्तकनगरला राहतात आणि प्रत्येक लग्नामुंजीत ही कथा तशीच सांगतात. ऐकणारे हसतात, म्हणून ती खरी ठरत नाही. ते पाणी विहिरीचे होते, गाळलेले होते, पिण्याचे होते आणि जेमतेम एका दिवसाचे होते. ते मी स्वतः भरलेले असल्यामुळे या विषयावर बोलण्याचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

दुसरा गैरसमज माझ्या मुलाने पसरवला आहे. 'बाबांना म्हातारपणी शेतीची हुक्की आली,' असे तो मित्रांना सांगतो. वस्तुस्थिती अशी की डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही चौघांनी मिळून तो निर्णय घेतला. स्वतःच्या शेतावर पिकवून खाणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ सूनबाई रोज पाहत असत. 'आपण का नाही?' हा प्रश्न त्यांनी विचारला. घरून काम करता येईल, हे मुलानेच सांगितले. मी फक्त आत जाऊन आराखडा आणला. तो आधीपासून तयार होता, हे खरे आहे. आराखडा तयार असणे आणि हट्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कल्याणच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्यावरून थोडे आत, वीस गुंठे जमीन, दोन कौलारू खोल्या आणि कधीही न आटणारी विहीर, एवढे आमचे राज्य. निघण्यापूर्वी पत्नीने अट घातली.

"डोंबिवलीची जागा भाड्याने देऊ. करार अकरा महिन्यांचा. तो संपायच्या आत एक पुरतं जेवण तिथल्या मातीतलं पानात पडलं, तर करार वाढवू. नाही पडलं, तर गुपचूप परत यायचं. बाजारची कोथिंबिरीची काडीही चालणार नाही."

"आणि निकाल कोण देणार?"

"परीक्षा तुमचे व्याही घेतील. निकाल मी देईन."

माझे काय पणाला लागले होते, हे कोणी विचारले नाही, म्हणून सांगतो. चाळीस वर्षे मी ठाण्याच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. त्यांवरून इतरांनी यंत्रे उभी केली. माझ्या हातच्या रेघेतून माझ्या डोळ्यांदेखत काही उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. ते पाहायला ही एकच संधी होती आणि तिला अकरा महिन्यांची मुदत होती.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही चौघेही, कोणी कोणाला न उठवता, उठलो. डोंबिवलीत त्या वेळी पाऊण तास पाणी येत असे. पंप सुरू झाला; ड्रम, हंडे, कळश्या, पातेली, अखेर चहाची किटलीसुद्धा भरली गेली. कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी हा सोहळा पाहत होती. तिचा सगळा जन्म त्याच गावात भातशेती करण्यात गेलेला.

"बाबा, विहीर पलून जाते का काय?" तिने विचारले.

"भरलेलं असलेलं बरं," पत्नी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच. आता भांडी भरलेलीच होती. पण ते पाणी शिळे. शिळे पाणी आमच्या घरात कोणी पीत नाही आणि ताजे भरल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. तेव्हा कालचे सगळे स्वयंपाकघराच्या मागे ओतायचे आणि नवे भरायचे, असा परिपाठ सुरू झाला. भरण्याचे काम माझे, ओतण्याचे पत्नीचे. म्हातारी रोज कुंपणाशी येई आणि पदर तोंडाला लावून परत जाई.

भाजीच्या वाफ्यांचा आराखडा मात्र माझा एकट्याचा. सहा वाफे, प्रत्येक वीतभर खोल, काटकोनात, कडा दोरी लावून सरळ केलेल्या. खोल अशासाठी की पाण्याचा एक थेंबही वाया जाऊ नये. उन्हाळ्यात थोडी मेथी आली आणि मी सूनबाईंना आराखड्यावर बोट ठेवून ती दाखवली. मग आषाढ आला. ज्या मुलखात पाणी शेताबाहेर काढणे हीच विद्या आहे, तिथे मी पाणी साठवण्याचे सहा हौद बांधून ठेवले होते. वांगी कुजली, भेंडी कुजली, गवार तर दिसलीच नाही.

"बाबा, पीक आलंय," एका सकाळी सूनबाई म्हणाल्या. "सहाही वाफ्यांत बेडूक. एकसारखे आलेत, रांगेत."

मी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. त्या हसत होत्या म्हणून नव्हे; करार संपायला चार महिने उरले होते म्हणून.

आता भोपळ्याकडे येतो. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात घरात लाल भोपळ्याची भाजी झाली होती. भोपळा डोंबिवलीहून आणलेला. बिया स्वयंपाकघराच्या मागे पडल्या आणि त्यांच्यावर रोज सकाळी वीस-बावीस भांड्यांचे पाणी पडत राहिले. उन्हाळ्यात तिथे एक वेल दिसू लागला. व्याही सांगतात की मी तो उपटायला कोयता घेऊन गेलो होतो. मी मोजमाप घ्यायला गेलो होतो. हातात कोयता होता, कारण हातात काहीतरी असावे. वेल आराखड्यात नव्हता, एवढेच मी पत्नीला म्हणालो.

"मग आराखड्यात काढा," ती म्हणाली आणि वेलासमोर उभी राहिली. मी काढला.

ती जागा उताराची. पावसाचे पाणी तिथे क्षणभरही थांबले नाही. वेल कौलांवर चढला, शेजारी अळू माजले, पडलेल्या बियांच्या मिरच्या लगडल्या. मी रोज टेप घेऊन शिडीवर चढू लागलो आणि चहाच्या वेळी भोपळ्याचा घेर जाहीर करू लागलो. आकडा वाढला की मुलगा बशी वाजवी. गणपतीनंतर भोपळा उतरवायचा ठरला. मुलगा कौलांवर, खाली मी आणि सूनबाई चादर ताणून.

"सोडू?" त्याने वरून विचारले.

"थांब, कोन बघू दे," मी म्हणालो.

त्याला फक्त शेवटचे 'दे' ऐकू आले असावे. भोपळा चादरीत आला, चादर आम्हां दोघांना घेऊन चिखलात आली, आणि आम्ही भोपळा मधोमध धरून समोरासमोर बसलो. तो अखंड होता. सूनबाई हसू लागल्या, मग मी; आणि इतके हसलो की पत्नी लाटणे घेऊन बाहेर आली, आम्हांला पाहून पायरीवर बसली आणि लाटणे मांडीवर ठेवून डोळे पुसू लागली. सत्तरी उलटल्यावर मी चिखलात बसून हसलो, हे मी नाकारत नाही.

भात म्हातारीने शिकवला आणि आम्ही लावला, उडीदही तसाच. दिवाळीनंतर, करार संपायला आठवडा असताना, व्याही जेवायला आले. केळीच्या पानांवर भात, उडदाचे वरण, चिंच घातलेले अळू आणि भोपळ्याची भाजी, मिरचीसकट सगळे घरचे. तेलाची फोडणी नाही.

"चिंच?" व्याह्यांनी सुरुवात केली.

"बांधावरची. आपल्या बाजूची," मुलगा म्हणाला.

"मीठ?"

"वाढलेलंच नाही," पत्नी म्हणाली. पानाच्या माथ्यावरची मिठाची जागा रिकामी होती.

व्याही जेवू लागले. भोपळा दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला.

"अळणी आहे," ते म्हणाले. "थोडा अजून वाढा. पण याचं बी कुठलं हो?"

मी भात कालवायचा थांबलो. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते.

"डोंबिवलीच्या बाजारातलं," पत्नीनेच सांगितले.

"मग ते बाहेरचं झालं, विहीणबाई."

"मीही डोंबिवलीचीच. मला बाहेर काढता?"

व्याह्यांनी मान खाली घालून भोपळा संपवला. पत्नी आत गेली, मिठाची बरणी घेऊन आली आणि प्रत्येकाच्या पानात चिमूट चिमूट वाढत माझ्यापाशी थांबली.

"परीक्षा संपली. जेवून झालं की भाडेकरूंना फोन करा. म्हणावं, राहा अजून अकरा महिने."

त्या रात्री व्याही मुक्कामाला राहिले. पहाटे साडेपाचला पंपाचा आवाज झाला, तसे तेही उठून आले. कोणी सांगितले नव्हते. त्यांनी भरलेला एक हंडा उचलला, "शिळं आहे ना?" असे विचारले आणि स्वयंपाकघराच्या मागे जाऊन वेलाच्या मुळाशी जपून ओतला, मग दुसराही नेला. कुंपणाशी म्हातारी उभीच होती.

हा भाग ते कोणत्याही लग्नात सांगत नाहीत, म्हणून मला लिहावा लागला.