आधी सही, मग औक्षण

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात कुणी गाडी घेतली की पेढ्यांचा बॉक्स मेश्राम काकूंकडे जायचा, आणि पेढा हातात घेऊन काकू एकच प्रश्न विचारायच्या, "टायटलवर नाव कोणाचं?" बॅटरी किती मैल चालते, हाच रंग का घेतला, यातलं काही नाही. टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. त्यावर फक्त नवऱ्याचं नाव आहे असं कळलं की पेढा पुन्हा बॉक्समध्ये. "बायकोचं नाव लागलं की खाईन," म्हणायच्या. काही नवरे त्यामुळे त्यांच्याकडे पेढे घेऊन जायचंच टाळत.

काकू नागपूरच्या. चणीनं लहान, केस पोरासारखे कापलेले, आणि साडी नेसल्या तरी पायात धावायचे बूट. एका मोटार कंपनीत हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी नवाच उद्योग काढला. कुणाची गाडी नावावर करायची असली की नोंदणीच्या ऑफिसात त्या सोबत जात. इलेक्ट्रिक गाडीला रजिस्ट्रेशनचे पैसे जास्त पडतात म्हणून कुणी कुरकुरलं, तर म्हणत, "पेट्रोल पीत नाही, तं पेट्रोलवरचा टॅक्स कुठून देईल ती? रस्ता तं झिजवतेच ना बाप्पा!"

मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून नवऱ्याच्या, म्हणजे निखिलच्या, मागे इथे आले, तेव्हा माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. घराचा करार, विजेचं बिल, फोन, सगळं निखिलच्या नावावर. त्यात त्याचा कावा काहीच नव्हता, सगळं आपोआप तसं होत गेलं होतं. पण एकदा लायब्ररीचं कार्ड काढायला गेले, तर पत्त्याचा पुरावा म्हणून माझ्या नावाचा एक कागद निघेना. घरी येऊन मी रडले. या देशात आपण राहतो हे निखिलशिवाय कुणाला माहीतच नाही, असं वाटलं होतं.

त्यानंतर आम्ही निखिलच्या ऑफिसातल्या एकाकडून जुनी हायब्रिड घ्यायची ठरवली. दसऱ्याचा मुहूर्त. निखिल त्याच्याबरोबर गाडी नावावर करायला गेला आणि मी घरी औक्षणाच्या तयारीला लागले. हार, नारळ, चाकांखाली ठेवायला लिंबं. तेवढ्यात मेश्राम काकू दारात आल्या. पांढरी साडी नेसलेल्या. दसरा हा त्यांचाही मोठा दिवस. नारळाशी त्यांचं काही नाही, पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वंदनेला त्या हॉलवर निघाल्या होत्या.

"काय करून राहिली?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"गाडी येतेय ना काकू, औक्षणाची तयारी."

"अन् सही?"

"निखिल गेलाय की."

काकू खुर्ची ओढून बसल्या. "आपल्या लोकांच्या गाड्या नवऱ्यांच्याच नावावर काहून असतात, सांगू? कोणी वाईट नसते. तिकडे सही होते तेव्हा आपण इकडे ताट मांडून राहतो."

मला जरा रागच आला. "काकू, आम्ही दोघं काय वेगळे आहोत का? त्याचं ते माझंच."

"मीही हेच म्हणत होती," काकू म्हणाल्या. "मेश्राम गेले. गाडी गॅरेजात उभी. तिची बॅटरी कशी चालते ते मला माहीत, पण टायटलवर माझं नाव नाही. नाव बदलून येईपर्यंत तिला बाहेर काढायची हिंमत नाही झाली माझी. माणूस गेल्याचं दुःख कमी होतं काय, तं वरून लोकांना राईड मागत फिरली मी." आवाज जराही चढला नव्हता. मग त्या उठल्या. "आधी सही, मग औक्षण. चल."

मी गॅस बंद केला. काकूंच्या गाडीत हॉलवरच्या जेवणासाठी केलेल्या खिरीचं पातेलं होतं, ते मांडीवर धरून बसले. आम्ही नोंदणीच्या ऑफिसात पोचलो तेव्हा निखिल खिडकीशी उभा होता.

"तू इथे? आणि घरी कोण आहे?"

"कोणी नाही. माझंही नाव घाल."

मागणी एवढीशी, पण 'कशाला?' असं तो म्हणाला असता, तर ते माझ्या मनातून कधीच गेलं नसतं. गाडी विकणारा गृहस्थ छताकडे बघत राहिला. काचेमागच्या बाईंनी विचारलं, "दोघांची नावं लावायची का?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "सॉरी यार. खरंच, माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तेच तं!" काकू मागून म्हणाल्या, आणि घाईघाईनं वंदनेला निघून गेल्या. वंदना अर्धी झाली होती, असं नंतर कळलं. आमचाही मुहूर्त टळला. त्या कागदाचा फोटो मी पुण्याला आईला पाठवला. तिनं तो शेजारणींना दाखवला आणि मला विचारलं, "गाडी कुठाय यात?"

यंदा काकूंची नजर मंदावली. मुलीनं त्यांना तिच्या गावी, शुगर लँडला बोलावून घेतलं आणि काकूंनी गाडी विकायला काढली. गाडी घेणारी एक तरुणी आली, तेव्हा त्यांनी मलाही बोलावलं. टायटल गाडीच्या बॉनेटवर ठेवलेलं. फोनवरून लेक सांगत होती, "आई, तू उन्हात उभी राहू नको गं. मी येऊन सगळं करीन, यू जस्ट रिलॅक्स."

"तू करून चालत नाही," काकू म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला. मालकाच्या रकान्यात त्यांचं नाव छापलेलं होतं, त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश, प्रत्येक अक्षर लावून सही केली. त्या आता रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते परीक्षेत पहिली आलेल्या पोरीसारखं.

"पाहिलं? मी सही केल्याशिवाय विकता नाही आली कोणाला."