वीज लिंबावर, मोटर माझी

वीज पडली लिंबावर आणि जळाली माझी मोटर. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

दुसऱ्याच्या मागावर राबून मी भवानी पेठेत स्वतःचे चार यंत्रमाग उभे केले होते. चारही एकाच मोटरवर चालायचे. वळवाच्या एका दुपारी पलीकडच्या मैदानातल्या कडुलिंबावर वीज कोसळली आणि त्याच क्षणी मोटरमधून धूर निघाला. खांबावरच्या तारेला वीज शिवलीसुद्धा नव्हती. उभं चिरलेलं झाड सगळ्या पेठेनं पाहिलं होतं. मी तडक वीज कंपनीत गेलो. म्हणालो, आतली जळकी तार बदलून मोटर भरून द्या, नाहीतर माझे माग बसले.

तिथला इंजिनिअर तरुण, बोलायला गोड.

"शेठ, वीज देवाची. कंपनी काय करणार?"

"देवाची वीज लिंबावर पडली की! माझ्या घरात आली ती तुमच्या तारेतनं."

त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर तांब्याचा पत्रा. ती म्हणे जमीन. त्यावर काड्यांचे खांब आणि केसासारखी तार. तारेच्या टोकाशी बारीक फट ठेवलेली, ती माझी मोटर. बाजूचा खिळा म्हणजे लिंब, वर टांगलेली ताटली म्हणजे ढग. त्यानं एका यंत्राचं चाक गरगर फिरवलं. ताटलीतून खिळ्यावर ठिणगी कडाडली, आणि तारेला कशाचाही स्पर्श नसताना फटीतही एक इवलीशी ठिणगी चमकली.

"बघितलंत? न शिवता येते."

"खिळा लांब घ्या."

घेतला. तरी ठिणगी आली. "अजून." आली. "अजून हो, हात आखडू नका!" कापडाचा भाव पाडावा तसा मी खिळा मागं रेटत राहिलो. शेवटी फटीत काहीच दिसेना.

"तुमच्या काड्यांच्या हिशेबानं माझा लिंब एवढाच लांब हाय," मी म्हणालो. "म्हणजे मोटर जळायलाच नको होती. खोट तुमच्या तारेत."

तो घुटमळला. "शेठ, हा तांब्याचा पत्रा आहे. यातून वीज सहज वाहते, खऱ्या जमिनीतून तशी नाही. त्यानं फरक पडतो."

मला ती पळवाट वाटली. डोकं तापलं. घरी गेलो, अंगणातला मुरूम खणून घमेलंभर आणला आणि पत्रा काढायला लावून टेबलावर ओतला. "ही घ्या खरी जमीन. फिरवा चाक!"

खिळा तिथंच, तार तीच. फटीत लख्ख ठिणगी उडाली.

मी बघतच राहिलो. तो मात्र हसला. "तार बदलली नाही, शेठ. बदलली ती जमीन. आणि ती तुमची."

"खांब कुणी पुरले माझ्या जमिनीत?" मी ओरडलो.

"तार तुम्हीच मागितली होती."

कंपनीनं मोटर भरून दिली नाही. दोन माग विकून मी ती भरून घेतली. त्या खोलीत मी हरलो एवढं कळलं. पण माझा मुरूम गुन्हेगार कसा ठरला, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही.