झाड वाढवायचं नाही

वणीच्या पुढे, देवीच्या गडाच्या वाटेवर आम्ही निम्म्या वाट्याने शेत करतो. जमीन ज्या काकांची आहे ते नाशकात बंगल्यात राहतात. बियाणं, खत, मजुरी आणि राबणं आमचं, जमीन त्यांची, आणि निघेल त्या कांद्यात अर्धा वाटा त्यांचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाटा ठरला तो ठरला. माझा राग आहे तो एका झाडावरून.

जमीन देतानाच काकांनी माझ्या नवऱ्याला दोन अटी घातल्या होत्या. कांदा निघाला की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत शेत रिकामं करून त्यांच्या हवाली करायचं, मग ते चार दिवसांनी पुन्हा देणार. आणि शेतात झाड लावायचं नाही. दोन्हीमागे एकच भीती. फार पूर्वी कुळकायद्यात जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, त्यात काकांच्या वडिलांचीही थोडी गेली. तेव्हापासून त्या घराला वाटेकरी म्हणजे चोरच वाटतो.

म्हणून दर आखाजीच्या आधी काका गाडीतून येतात. आम्ही भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरवर चढतात. ट्रॅक्टरवाला शेजारी मडगार्डवर बसून स्टिअरिंग सांभाळतो आणि काका बांधापासून बांधापर्यंत नांगराचं एकच तास, म्हणजे एकच लांब सरी, घालतात. त्याचा फोटो काढायचा. झालं, यंदाही जमीन मालकानेच कसली! उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण फोटोपुरती शेती करणारा हा एकच.

त्या शेतात सावली म्हणून कुठे नव्हती. उन्हाळ कांद्याची काढणी भर चैत्रातली. बायका सकाळपासून पात कापत बसतात, आणि दुपारी भाकरी खायला ट्रॉलीच्या खाली सरकतात. तिथे डोकं वर केलं की लोखंड लागतं. दुसऱ्या वर्षी बांधावर कडुनिंबाचं रोप दिसलं. कुणी लावलं नव्हतं, पाखरानं बी टाकलं असणार. मी भोवती काट्या रोवल्या, शेळ्यांपासून जपलं. संध्याकाळी घरी निघताना कळशीत उरलेलं पाणी त्याला घालायचे. बघता बघता ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. चौथ्या वर्षीच्या काढणीला बायका पाळीपाळीने त्याच्याखाली टेकायला लागल्या. एकीचं तान्हं तर दिवसभर तिथेच निजायचं.

त्याच वर्षी काका तास घालायला आले आणि त्यांची नजर बांधावर गेली.

"हे काय?"

"कडुनिंब हाय, काका," मी म्हणाले. "आपोआप उगवलं."

"उगवलं असेल. वाढवलं कोणी?"

"मी."

"मग तेच म्हणतोय मी. उद्या हेच झाड दाखवून म्हणाल, बघा, आम्ही किती वर्षं इथे आहोत. काढून टाका. मुळासकट."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. कुऱ्हाड आणि कुदळ आणली. आमची स्वतःची जमीन म्हणजे घरामागचा खडकाळ तुकडा, त्यात कुसळंसुद्धा धड येत नाहीत. हे शेत गेलं तर खाणार काय, ते त्याला कळत होतं आणि मलाही कळत होतं. म्हणून मी उभी राहिले आणि बघितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काकांच्या गाडीच्या काचेवर ढेकूळ घालावं असं वाटलं, आणि आजही वाटतं. झाड पडल्यावर काका म्हणाले, "फांद्या तुम्हीच न्या, चुलीला होतील." केवढं मोठं मन!

यंदाच्या काढणीत त्याच जागेजवळ एका बाईला चक्कर आली. आम्ही तिला उचलून ट्रॉलीखाली घातलं, तोंडावर पाणी मारलं. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, "झाड व्हतं ना इथं?"

पुढच्याच आठवड्यात काका आले. गडावर दर्शनाला निघाले होते, म्हणून काकूही बरोबर होत्या. काकांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली आणि जाऊन ट्रॅक्टरवर चढले. बंद गाडीत उकडायला लागलं तशा काकू बाहेर आल्या, डोक्यावर पदर ओढला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आम्ही बायका बांधाशी शेवटचा ढीग निवडत होतो.

"अगं बाई, काय ऊन हे!" काकू मला म्हणाल्या. "इतकी वर्षं करताय ना हे शेत? एखादं झाड लावायला काय झालं होतं गं? तुमचीच सोय झाली असती."

नवरा डोळ्यांनी मला खुणावत होता. पुढच्या वर्षाचा शब्द अजून मिळाला नव्हता. पण मी काकूंचा हात धरला आणि त्यांना झाड उपटलं तिथल्या खड्ड्यापाशी नेलं.

"झाड व्हतं, काकू. तुमच्या यजमानांनी मुळासकट काढायला लावलं. झाड मोठं झालं तर जमीन आमची व्हईल म्हणाले."

काकूंनी खड्डा बघितला. मग ट्रॉलीपाशी आल्या. बायकांनी सरकून जागा केली आणि नाशकातल्या बंगल्याची मालकीण चांगल्या साडीनिशी वाकून ट्रॉलीखाली बसली. काका रुमालाने मान पुसत परत आले, तेव्हा काकूंनी खालूनच विचारलं, "झाड का हो तोडायला लावलंत?"

"तू यात पडू नकोस," काका म्हणाले. म्हणाले काकूंना, पण बघत होते माझ्याकडे.

चार दिवसांनी जमीन मिळाली. अटी मात्र दोनाच्या तीन झाल्या. तिसरी काकांनी नवऱ्याला फोनवर सांगितली: "आम्ही शेतात आलो की तुझ्या बायकोने तोंड उघडायचं नाही." नवरा हो म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार?

पुढच्या आखाजीला मी ट्रॉलीखाली गप्प बसेन. कबूल केलंय, तर पाळीन. लिहिण्याबद्दल काका काही बोलले नव्हते.