तोआकासेचा साखरपुडा आणि तिचा भाऊ

तोआकासे माझी विद्यार्थिनी. गणितात कच्ची आणि हट्टाला पक्की. पुढे सत्तावीस वर्षं तिने आमच्या बेटावरच्या पांगाईच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं दिली आणि एकदाही कुणाला चुकीच्या बोटीत बसवलं नाही, तेव्हा तिच्या गणिताबद्दल मी जे काही बोलले होते ते मागे घेते.

पत्र्याची कचेरी, एक खिडकी, बाहेर वजनकाटा आणि बसायला बाक. मी निवृत्त झाल्यापासून त्या बाकावर बसते, कारण घरी बसलं की लोक येऊन सल्ले मागतात. धक्क्यावर निदान वारा असतो. तोआकासे आतून ओरडत असायची.

"हे डुक्कर जिवंत आहे की भाजलेलं?"

"जिवंत आहे."

"मग त्याचं तिकीट वेगळं. आणि तोंड बांधा त्याचं. मागच्या खेपेला पाद्र्यांची चप्पल खाल्ली होती एकाने."

अशी बाई. चोविसाव्या वर्षी ती ऑकलंडला नर्सिंगच्या कामासाठी निघाली होती. सामान बांधून झालं होतं. त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाची, सातेकीची बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली आणि तोआकासेने सामान सोडलं. बाळ होतं फूसी. तिला या आत्याने वाढवलं. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. आमच्याकडे आत्याला थांब किंवा जा म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. आत्या सगळ्यांच्या वर. भावाच्या मुलांचं लग्न तिच्या शब्दावाचून ठरत नाही, आणि समारंभात भेट आलेली उत्तम चटई तिच्याच मांडीवर पडते.

पण त्याच आत्याचं स्वतःचं लग्न हा विषय भावासमोर काढता येत नाही. भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली झोपत नाहीत, आणि प्रेम, लग्न, असल्या गोष्टी एकमेकांपुढे उच्चारत नाहीत. दुसऱ्या कुणी काढल्या तर भाऊ उठून जातो. आईबाप गेल्यावर सातेकीने जुनं घर बहिणीला सोडलं आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं बांधलं. अंगणातून अंगणात ते पावसाबद्दल बोलत, कोनफळांबद्दल, चर्चच्या छपराबद्दल. सत्तावीस वर्षं एवढंच बोलणं, आणि दोघांचा एकमेकांवर जीव.

हालोती हा बोटीचं इंजिन सांभाळणारा. वावाऊ बेटाचा, विधुर, जाडा, कमी बोलणारा. खलाशांना तिकीट लागत नाही. तरी हा गृहस्थ नऊ वर्षं प्रत्येक फेरीला खिडकीशी येऊन उभा राहत होता. नऊ वर्षांनी त्याने विचारलं आणि तोआकासे हो म्हणाली. वय एक्कावन्न. हालोतीच्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे कावा या पेयाची मुळं भेट घेऊन आमच्या पाद्र्यांकडे मागणी घातली, राजधानीत, नुकुआलोफाला राहणाऱ्या तिच्या थोरल्या आत्याने फोनवरून संमती दिली. पाद्र्यांनी ते सातेकीच्या बायकोला, लावीनियाला सांगितलं. लावीनियाने मला. सातेकीला अर्थातच कुणी नाही.

तोआकासेची एकच अट होती. "समारंभ नको. एक्कावन्नाव्या वर्षी मी तरुण पोरीसारखी झाडाच्या सालीच्या कापडावर नवरी होऊन बसणार नाही. डिसेंबरच्या बोटीने जाईन आणि तिकडे पाद्र्यांसमोर सही करीन."

लावीनियाने मान डोलवली आणि दुसऱ्याच दिवशी साखरपुड्याची तयारी सुरू केली.

"वन्सं काय वाट्टेल ते म्हणतील," ती मला म्हणाली. "माझ्या लेकीला त्यांनी वाढवलं. त्या चोरासारख्या बोटीत बसून गेल्या तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"आणि तुझा नवरा?"

"त्यांना त्या दिवशी सकाळी पाद्री सांगतील. मी नाही सांगणार."

"चार मुलं झाली तुला त्याच्यापासून."

"त्यात हे बोलावं लागत नव्हतं, बाई."

शनिवार ठरला, नोव्हेंबरातला दुसरा. चर्चच्या सभागृहात बायका झाडाची साल ठोकून कापड करायला बसल्या. ते ठोकणं अर्ध्या बेटाला ऐकू जातं, ते लपवणार कसं? म्हणून चर्चच्या वर्धापनदिनाचं निमित्त सांगितलं. तोआकासे त्या वेळी कचेरीत असायची, तिला ते पटलं. मोठी अडचण वेगळीच होती. हालोतीची बहीण आणि नातेवाईक असे सात जण वावाऊहून यायचे होते, आणि बोटीने येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव आधी तोआकासेच्या यादीत येतं. शेवटी त्यांना मासेमारीच्या होडीने आणायचं ठरलं. सातही जण वाटभर ओकत आले, आणि हालोतीच्या बहिणीने अजून मला माफ केलेलं नाही, कारण ती कल्पना माझी होती.

सगळ्यांनी तोंडं बंद ठेवली. फूसीसुद्धा गप्प राहिली, जिच्या पोटात लहानपणी एक वाक्य टिकत नसे. पण एका माणसाला आम्ही इतकं बाजूला ठेवलं की तो डोळ्यांनी बघू शकतो हेच विसरलो. सातेकीला दिसत होतं की तीन डुकरांना खोबरं चारलं जातंय. घरात शिरलं की बायको काहीतरी पाठीमागे लपवते. चोवीस तास हसणारी फूसी बापाला बघून गप्प होते. लग्नकार्य आहे हे त्याला कळलं. कुणाचं, याचा त्याने स्वतःच्या डोक्याने निकाल लावला. घरात लग्नाची पोरगी एकच होती.

गुरुवारी सकाळी तो कचेरीच्या खिडकीशी आला. मी बाकावर होते. त्याने बहिणीकडे बघितलं नाही, वजनकाट्याकडे बघून बोलला.

"ताई, फूसीचं ठरतंय. तुला विचारलं का कुणी?"

"नाही."

"मलाही नाही. तू आत्या आहेस. तू म्हणशील तसं." आणि गेला.

तोआकासेने खिडकीची फळी लावली. साडेदहा वाजले होते. सत्तावीस वर्षांत ती फळी साडेदहाला कधी लागली नव्हती. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"फूसीचं."

"फूसीचं मला काहीही माहीत नाही," मी म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, आणि तोंडावर खोटं दिसत असणार.

"म्हणजे होतं. ते ठोकणं चर्चसाठी नाही, मग." ती शांतपणे बोलत होती, हेच वाईट होतं. "मी जाणार म्हटल्यावर त्यांनी मला मोजणंच सोडलं. आत्ता गेलेय कुठे मी? अजून इथेच आहे ना? तिचे दात मी पाडलेत दोरा बांधून. तिचं लग्न ठरवताना माझं तोंड बघावंसं वाटलं नाही कुणाला."

"लावीनियाला विचार जाऊन."

"आत्याने जाऊन विचारायचं?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच खाली बघितलं. "शनिवारी हालोती येईल. त्याला सांगते, नको. उद्या इथे नसले की या घरात माझी जागा काय राहील ते आजच दिसलं. इथेच बसते मी. बघतेच माझ्याशिवाय तिचं लग्न कसं लावतात."

तिला ओळखणाऱ्याला ठाऊक आहे, ती बोलते ते करते. नऊ वर्षं खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला ती दोन वाक्यांत परत पाठवणार होती, तेही एका चुकीच्या समजुतीपायी.

मी लावीनियाकडे गेले. ती साल जोडायच्या खळीने कोपरापर्यंत भरलेली. ऐकून मट्‌कन बसली.

"वन्संना खरं सांगून टाकू?"

"सांग. उद्या सकाळीच मिळेल त्या होडीने निघून जाईल. समारंभ नको म्हणाली होती ना?"

"मग सातेकीला सांगायला हवं की फूसीचं काही नाही. ते जाऊन वन्संना सांगतील. पण ते विचारतील, मग कुणाचं." तिने हात धुवायला घेतले आणि थांबली. "माझ्याच्याने नाही होणार, बाई. त्यांच्या बहिणीचं त्यांच्यापुढे? माझी जीभ वळणार नाही."

माझी वळते. सत्त्याहत्तर वर्षं वापरलेली जीभ आहे. मी तशीच सातेकीच्या मळ्यात गेले. तो कोनफळ खणत होता.

"सातेकी, फूसीचा साखरपुडा नाही. तुझ्या बहिणीचा आहे."

त्याने पाठ फिरवली. "बाई, माझ्यापुढे हे बोलू नका."

"तू तिकडे तोंड करून खण. मी वेलाशी बोलते. ऐकायचं की नाही ते तू बघ."

आणि मी वेलाशी बोलले. हालोती कोण, नऊ वर्षं काय झालं, लावीनियाने काय मांडलंय, आणि त्याच्या सकाळच्या दोन वाक्यांनी काय केलंय. तो खणत राहिला. शहाणा शेतकरी कोनफळ हाताने माती उकरून काढतो. याने फावडं घातलं आणि हातभर लांब कंद मधोमध तोडला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असेल.

मग त्याने एवढंच विचारलं, "बोट कशी चालवतो?"

"इंजिन सांभाळतो. एकदाही बंद पडलेलं नाही."

"हं."

"ती थांबली तर तुझ्यामुळे थांबेल, आणि तुला ते कधी कुणी सांगणार नाही. म्हणून मी सांगतेय. उद्या जाऊन फूसीचं दुरुस्त कर. समारंभाचं मात्र बोलू नकोस."

"मला कसं बोलता येईल?" तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती.

शुक्रवारी तो आला, कमरेला चटई बांधून, चर्चला येतो तसा. धक्क्यावर दोघंतिघं होते, ते बाजूला झाले. मी झाले नाही.

"ताई, काल मी चुकलो. फूसीचं काही नाही."

तोआकासेने पेन खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगितलं."

"मग साल कशाला ठोकतायत? तीन डुकरांना खोबरं कुणासाठी चाललंय?"

सातेकी उभा राहिला. मोठ्या बहिणीशी तो खोटं बोलू शकत नव्हता. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता, आणि तो वजनकाट्याकडेही बघत नव्हता, सरळ पायांकडे बघत होता. तिने पुन्हा विचारलं, "कुणासाठी, सातेकी?" तो गप्प. निघून जाता आलं असतं. विषय निघाला की भाऊ निघून जातो, तेच शिकवलेलं असतं आम्हाला. हा गेला नाही.

भाऊ बहिणीला जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, एक सोडून. हे तोआकासेला माझ्याइतकंच माहीत. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग तिने समोरची यादी उगाच उलटी केली, सुलटी केली.

"तीन कशाला," ती म्हणाली. "दोन पुरेत."

"तीन," सातेकी म्हणाला.

"माणसं किती येणार आहेत अशी?"

"तीन, ताई." आणि मग तो गेला, खूप हळू, पाठ ताठ ठेवून.

तिने बराच वेळ कुणाला तिकीट दिलं नाही. रांगेतल्या एकाने खोकून दाखवलं तेव्हा म्हणाली, "थांबा जरा. बोट काही तुमच्याशिवाय बुडत नाही." मग माझ्याकडे न बघता, "बाई, उद्या मला काही माहीत नाही बरं का. लावीनियाने फार मेहनत केली असेल."

शनिवारी फूसीने तिला वर्धापनदिनाची फुलं लावायला म्हणून सभागृहात नेलं. आश्चर्य दाखवण्यात ती अगदीच भिकार निघाली. दारातच "अरे वा" म्हणाली आणि थेट जाऊन कापडाच्या बरोबर मधे बसली. लावीनिया इतकी रडत होती की तिला काही कळलं नाही. हालोती तेलाचे हात तीनदा धुऊन आला होता. सातेकी दिवसभर बाहेर भट्टीपाशी राहिला. डुकरं त्याने स्वतः दारापर्यंत आणली, उंबऱ्याबाहेर ठेवली, आणि तिसरं ठेवताना क्षणभर आत बघितलं.

ती डिसेंबरात गेली. आता कचेरीत एक मुलगा आहे, तो जिवंत आणि भाजलेल्याला एकच तिकीट देतो. सातेकी गुरुवारी बाकाशी येऊन मला विचारतो, वावाऊकडे पाऊस कसा आहे. मी आदल्या रात्री तिच्याशी फोनवर बोललेली असते. चांगला आहे म्हणते.